धारणीचा रस्ता आणि एका लेकराची फाईल

रविवार

परतवाड्याला चहा झाला की मेळघाटात जाणारा माणूस दोन कामं उरकून घेतो. एटीएममधून रोकड काढतो आणि घरी फोन लावून सांगतो, उद्यापासून लागला तर लागला. आम्हीही तेच केलं. घटांगच्या वळणांवर पावसानं गाठलं ते हरिसालपर्यंत सोडलं नाही. सेमाडोहला सिपना नदी गढूळ होऊन फुगली होती. चालक म्हणाला, "अजून दोन दिवस असाच राह्यला, त आतली गावं तुटतात."

मैत्रीण आहारतज्ज्ञ आहे, अंगणवाडी सेविकांची प्रशिक्षणं घेते. मी तिच्यासोबत लिहायला आणि उंची मोजायच्या फळीचं गाठोडं उचलायला. दुसरं काम जास्त महत्त्वाचं निघालं.

१९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले, त्यातला मेळघाट हा एक. पण बाकीच्या महाराष्ट्राला मेळघाट माहीत झाला तो १९९३ मध्ये, बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे. तेव्हापासून याचिका झाल्या, समित्या झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले, योजना आल्या. १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. मुंबई उच्च न्यायालयानं वर्षानुवर्षं हा विषय सुनावणीला घेतला. तरी दर पावसाळ्यात त्याच बातम्या, तेच फोटो आणि अधिवेशनात तेच प्रश्न. फोटोचा तर मला मनापासून राग येतो. पोट फुगलेलं उघडं मूल आणि मागे कुडाची भिंत, म्हणजे झाली बातमी.

पावसाळाच का, त्याचं उत्तर गाडीतच मिळालं. घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं पीक अजून शेतात असतं. निंदणीला सगळ्या बाया दिवसभर बाहेर. त्यात जुलाब, निमोनिया, मलेरिया. आणि रस्ता बंद.

सोमवार

तालुक्याच्या ठिकाणी समन्वय बैठक. एका टेबलाभोवती महिला व बालविकास, आरोग्य, आदिवासी विकास, पुरवठा, रोजगार हमी, शिवाय तीन-चार संस्थांचे लोक. 'कन्व्हर्जन्स', म्हणजे सगळ्या खात्यांनी मिळून काम करणं, हा शब्द इतक्यांदा झाला की चहा देणारा पोरगाही तो म्हणायला शिकला असेल. पहिला तास आढाव्यातच गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मजा आली ती यादीवरून. अंगणवाडीच्या यादीत तीव्र कुपोषित म्हणजे 'सॅम' मुलं जेवढी होती, तेवढी आरोग्य खात्याच्या यादीत नव्हती. आणि जी होती ती सगळी तीच नव्हती. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे संशयानं बघायला लागले. मैत्रीण उठून फळ्यापाशी गेली.

मूल सॅम ठरवायचे दोन रस्ते आहेत. एक, उंचीच्या मानानं वजन किती कमी आहे ते पाहायचं. दुसरा, दंडाचा घेर मोजायचा, ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला की लाल. (दोन्ही पावलांवर सूज असेल तर मोजमापाची वाटच बघायची नाही.) दोन्ही रस्ते बरोबर आहेत, पण ते नेहमी एकाच मुलापाशी पोचत नाहीत. पहिल्यापासून उपाशी राहून जे मूल उंचीलाच खुरटलं, त्याचं वजन त्या कमी उंचीच्या मानानं 'बरं' दिसतं. म्हणजे ते एका यादीत पिवळं, म्हणजे मध्यम, आणि दुसरीत लाल. दोन खात्यांनी आपापली यादी जपून ठेवली, तर असं मूल मधल्या फटीतून खाली पडतं आणि कोणाचाच आकडा चुकलेला नसतो.

हे ऐकून टेबलावरचा ताण जरा सैलावला. 'मग याद्या एकत्र करू' असं ठरलं. ते काम एका तरुण पर्यवेक्षिकेवर ढकलण्यात आलं, कारण तिला एक्सेल येतं.

संध्याकाळी विश्रामगृहात जुना विषय निघाला. सगळ्या खात्यांना एका दिशेला लावण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रानं वीस वर्षांपूर्वीच केला होता. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन, २००५, मुख्यालय औरंगाबाद, महासंचालक व्ही. रमणी, पाठीशी युनिसेफ. मिशन स्वतः अन्न वाटत नव्हतं. मूल पोटात आल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतच्या हजार दिवसांकडे सगळ्या यंत्रणेचं तोंड वळवायचं, हे त्याचं काम. २०१२ मध्ये राज्याचं पोषण सर्वेक्षण झालं तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुरटेपण ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. जगभर त्याचं कौतुक झालं. मग पुढे काय झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुरटेपण २०१५-१६ ला ३४.४ टक्के, २०१९-२१ ला ३५.२. म्हणजे गाडी जागीच उभी. बायकांमधला रक्तक्षय त्याच काळात ४८ वरून ५४.२ वर गेला. या शेवटच्या आकड्यावर बैठकीत कोणी बोललं नव्हतं. बायकांची नोंद 'गरोदर' आणि 'स्तनदा' या दोनच रकान्यांत होते. त्याच्या आधीची आणि नंतरची बाई कोणाच्याच यादीत नसते.

मंगळवार

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. लहान गाव आहे, लेकरू ओळखू येईल.

अंगणवाडी एका खोलीची, पण स्वच्छ. भिंतीवर मराठी बाराखडी, आणि मुलं आपसात बोलतात कोरकूत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. सेविका स्वतः कोरकू आहे म्हणून निभावतं. ती मुलांशी कोरकूत बोलते, आयांशी कोरकू-हिंदीत, आमच्याशी वऱ्हाडीत आणि मोबाईलमधल्या ॲपशी इंग्रजीत. मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

उंची मोजणं पाहिलं आणि आकड्यांकडे बघायची माझी नजर बदलली. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवं झोपवून मोजायचं, वरच्याला उभं करून. आडव्या मुलाचं डोकं एकीनं धरायचं, गुडघे दुसरीनं दाबायचे, आणि टाचेला सरकती पट्टी लावून आकडा वाचायचा. या सगळ्यात ते मूल जिवाच्या आकांतानं ओरडत असतं आणि आई दारात उभी राहून रडकुंडीला आलेली असते. अशा वेळी अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे होणं किती सोपं आहे! आणि त्या अर्ध्या सेंटीमीटरवर मूल एका रंगातून दुसऱ्या रंगात जाऊ शकतं.

चौदा महिन्यांची एक मुलगी आली. वजन ६.४ किलो, लांबी ७० सेंटीमीटर. तक्त्यावर पाहिलं तर लांबीच्या मानानं वजन 'मध्यम'मध्ये बसतं. मग दंडाला पट्टी लावली. ११.२. लाल. कालचं फळ्यावरचं गणित समोर मांडी घालून बसलं होतं आणि नाकातून शेंबूड गाळत होतं.

पुढची पायरी भुकेची चाचणी. मुलाला शांत जागी आईच्या मांडीवर बसवून ठरलेला आहार द्यायचा आणि मनापासून किती खातं ते बघायचं. भूक शाबूत असेल, दुसरा आजार नसेल, तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे याच अंगणवाडीत, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालून मूल सुधारतं. भूकच मेली असेल तर रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र. मुलीनं दोन घास तोंडात घेतले, तिसरा जिभेनं बाहेर ढकलला आणि मान फिरवली. खोकलाही होता.

"घेऊन जावं लागेल," सेविका म्हणाली. आई काही बोलली नाही. मुलीला पाठीशी बांधलं आणि निघून गेली. निंदणी होती.

दुपारी अमृत आहार. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची ही योजना २०१५ पासून आदिवासी भागात चालू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाला एक गरम, पोटभर जेवण, लहान मुलांना अंडी किंवा केळी. जेवण अंगणवाडीत बसूनच खायचं असा आग्रह असतो, आणि तो का, हे तिथं बसल्यावर कळलं. वरण, भात, भाजी, चपाती, अंडं असं ताट एका गरोदर बाईपुढे आलं. तिनं अंडं हळूच पदराआड घेतलं. शेजारी तिचा चारेक वर्षांचा मुलगा, त्याला त्याचं अंडं मिळून गेलं होतं. मदतनीस बाईनं पाहिलं आणि ती समोर उकिडवी बसली. ओरडली नाही. कोरकूत काहीतरी थट्टा केली, सगळ्या हसल्या, आणि अंडं खाल्लं जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. कुठल्याही शासन निर्णयात ही मदतनिसाची जबाबदारी म्हणून लिहिलेली नसेल. माझ्या मते आख्ख्या योजनेची कळ तिथं आहे.

घरी न्यायच्या कोरड्या आहाराच्या पाकिटांचं, म्हणजे टीएचआरचं, तसं नाही. ते घरी गेलं की कोणाच्या पोटात जातं हे सांगता येत नाही. "कोंबड्यांले आवडते," असं सेविका हसत म्हणाली. आता ते देताना बाईचा चेहरा ॲपला दाखवावा लागतो. चेहरा ओळखायला नेट लागतं आणि नेट टेकडीवर. म्हणजे गरोदर बाईला आधी टेकडी चढवायची.

बुधवार

गृहभेटी. आशाताई, सेविका आणि उपकेंद्रातल्या नर्सबाई अशा तिघी एकत्र निघाल्या, हे नेहमी घडत नाही. प्रत्येकीचं रजिस्टर वेगळं, भेटीचा दिवस वेगळा, वरचे साहेब वेगळे. तिघी एका दारात उभ्या राहिल्या की घरची म्हातारी आधी घाबरते आणि मग खाट टाकते.

पहिल्याच घरात सहा महिन्यांची गरोदर मुलगी भेटली. बाई म्हणायला जीभ रेटत नाही. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं आढ्याच्या वाशाला खोचलेली होती, बहुतेक तशीच. गोळीनं मळमळतं, आणि शौचाला काळी होते म्हणून ती घाबरली होती. ही भीती कोणी काढलीच नव्हती. ज्या थोड्या घेतल्या त्या सकाळी काळ्या चहासोबत. चहानं लोह अंगी लागत नाही. नर्सबाईंनी सांगितलं, रात्री जेवणानंतर घे, लिंबू पिळून घे, शौचाला काळी झाली तर समज गोळी पोटात गेली. गरोदरपणात १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर १८०, एवढं वाटपाचं गणित पक्कं आहे. खाल्ल्या किती, याचा रकाना सासूच्या हातात. म्हणून नर्सबाई अर्धा वेळ सासूशीच बोलल्या.

अशा मुलीच्या पोटी अडीच किलोच्या आतलं बाळ येण्याची भीती जास्त. ते खुरटलं की चौदाव्या महिन्यात फळीवर झोपवून आपण त्याची लांबी मोजतो आणि कुपोषण 'सापडलं' म्हणतो.

मग कालच्या मुलीचं घर. आई शेतात. घरी आजी आणि मुलीची मोठी बहीण, वय सात-आठ. दिवसभर लहानीला तीच सांभाळते, तीच भरवते. भरवते म्हणजे काय, तर भाकरी पाण्यात कुस्करून दोन घास, मग खेळायला. त्या वयाच्या पोरीकडून आणखी काय होणार? सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न, दिवसातून इतक्या वेळा, इतक्या वाट्या, वरून तेलाची धार, हे सगळं भित्तिपत्रकावर आईच्या चित्राशेजारी छापलेलं आहे. चित्रातली आई घरी असते.

मोठीच्या पोटावर जुने डाग दिसले. पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं डागतात, त्याला इथं डंबा म्हणतात. आजीला त्यावर बोलायचं नव्हतं आणि आशाताईनंही विषय काढला नाही. तिनं दुसरीच गोष्ट केली. भूमकाला बोलावलं.

भूमका म्हणजे गावचा वैदू आणि देवाचा माणूस. वर्षानुवर्षं यंत्रणेनं त्याला खलनायक ठरवलं. मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की लोक आधी त्याच्याकडे जातात तर त्यालाच सोबत घ्यावं. आता भूमकांच्या बैठका होतात, मूल दवाखान्यात पाठवायला त्यांना सांगितलं जातं. हा भूमका साठीचा, हडकुळा, कानात बाळी. त्यानं मुलीला पाहिलं, मंत्र म्हटला, हाताला काळा धागा बांधला आणि आजीला हिंदीत म्हणाला, "धागा मैंने बांध दिया. अब दवाखाना ले जाओ." नर्सबाई शांतपणे उभ्या होत्या. दंडाची लाल-पिवळी पट्टी आणि काळा धागा एकाच हाताला, असा हा समेट.

आई संध्याकाळी आली. तिचा प्रश्न सरळ होता. "उधर चौदा दिन रहूंगी, तो इधर निंदाई कौन करेगा? इन दोनों को कौन देखेगा?" बुडीत मजुरी मिळते, मूल दाखल असेपर्यंत आईला जेवण मिळतं, हे आशाताईनं सांगितलं. बुडीत मजुरीचे पैसे कधी येतात, असं आईनं विचारलं. त्यावर तिघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी सेविका म्हणाली, मोठीला आणि आजीला रोज दुपारी अंगणवाडीत जेवायला पाठव, मी बघते. योजनेत आजी बसत नाही. त्या दिवशी बसवली.

गुरुवार

सकाळी रुग्णवाहिकेतून तालुक्याला. मुलगी दाखल झाली.

पोषण पुनर्वसन केंद्र हे दवाखान्यापेक्षा स्वयंपाकघर जास्त वाटतं. वजनकाटा, मापाचे पेले, पातेली, भिंतीवर घड्याळ. पहिले काही दिवस एफ-७५ नावाचं पातळ दूध, शंभर मिलीलिटरमागे ७५ उष्मांक. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर ते झेपत नाही, क्षारांचा तोल बिघडून मूल दगावूही शकतं. म्हणून आधी रक्तातली साखर आणि अंगाची ऊब सांभाळायची, जंतुसंसर्गाला औषध द्यायचं, आणि मूल स्वतःहून मागायला लागलं की शंभर उष्मांकांचं एफ-१००. मग किलोमागे दिवसाला आठ ग्रॅम वजन वाढावं ही अपेक्षा. या मुलीच्या हिशेबानं रोजचे पन्नासेक ग्रॅम.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाई खाटेवर बसून आयांना शिकवत होत्या. बाईंनी एका आईला वाटीत भात-डाळ कालवायला लावली आणि वाटी उपडी केली. भात पडला नाही, चिकटून राहिला. "इतकं घट्ट पाहिजे. पाण्यासारखं केलं तर पोट पाण्यानंच भरते." आया वाट्या उपड्या करून बघत होत्या, एकीची सांडली, हशा झाला. सोमवारची बैठक आणि हा वर्ग यात निवड करायची वेळ आली तर सगळा पैसा मी या वाटीवर लावेन.

इथून थोडं पुढे उतावलीला महान ट्रस्टचं आरोग्याचं काम आहे, १९९८ पासून. बैरागडला कोल्हे या डॉक्टर दांपत्यानं आयुष्य घातलं. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणारी गावातलीच बाई तयार करायची, ही वाट गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं घातली आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभरातली आशा त्याच वाटेनं बाळाच्या घरी जाते. सरकारनं संस्थांकडून शिकावं आणि संस्थांनी सरकारी यंत्रणेतून ते पोचवावं, असं घडू शकतं याचा एवढा पुरावा पुरे आहे.

शुक्रवार

निघायच्या आधी सेविकेला भेटायला पुन्हा गावात. गावात रोजगार हमीचं काम बघणारा रोजगार सेवकही तिथेच बसला होता. ती त्याला धरून बसली होती, म्हणणं जास्त बरोबर. मुद्दा दिवाळीनंतरचा. पीक निघालं की हे कुटुंब खाली मैदानात वीटभट्टीवर जातं आणि होळीच्या तोंडावर परत येतं. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, तेव्हा सगळे गावात असतात. मधले महिने मुलगी कुठल्या अंगणवाडीत जाणार? ॲपमध्ये स्थलांतराची नोंद होते, पण पुढच्या गावच्या सेविकेला कोणी सांगितलं नाही तर ती भट्टीवर कशाला जाईल? ती भट्टी तिच्या गावाच्या शिवाराबाहेर असते.

रोजगार सेवकानं सांगितलं, दिवाळीनंतर गावातच काम निघालं तर निम्मे लोक थांबतील. मागणीचे फॉर्म भरावे लागतील, तेही आत्ताच. सेविका म्हणाली, "फॉर्म आण, माताबैठकीत मी भरून घेतो." बालविकास खात्याच्या बाईनं रोजगार हमीचे फॉर्म भरायचे, असं सोमवारच्या टेबलावर कोणाला सुचलं नव्हतं.

आणि तरीही कुटुंब गेलंच तर? मुकादमाचं नाव आणि भट्टीचं गाव तिनं आईकडून आधीच लिहून घेतलं होतं. तिला हवा होता त्या गावच्या सेविकेचा फोन नंबर. मैत्रिणीनं परतीच्या वाटेवर, परतवाड्याला रेंज आल्या आल्या, ओळखीच्या एका पर्यवेक्षिकेला फोन लावला. तिनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. अमरावतीला पोचेपर्यंत नंबर मिळाला. तो धारणीकडे मेसेजनं पाठवला, पण एकच टिक दिसत होती.